बिरूअण्णांची सही

बिरूअण्णांना सही करायला मी शिकवलं. कुणाला अक्षर शिकवलं म्हणजे पुण्याचं काम केलं असं आपण समजतो, मीही समजत होतो. शिकवलं तेव्हा तर घरी येऊन बायकोला कौतुकानं सांगितलंही होतं. आज ती गोष्ट मी कुणाला सांगत नाही.

अण्णा आमच्याकडे रोजंदारीवर वनमजूर होते आणि मी त्या भागाचा वनपाल. सोलापूरहून मोटारसायकलनं तासाभरावर आमचा माळ होता. माळ म्हणजे खरोखरच माळ. मुरमाड जमीन, गुडघाभर गवत आणि नजर पोचेल तिथपर्यंत आभाळ. दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आलेले साहेब जीपमधून उतरले की इकडेतिकडे बघून विचारायचे, जंगल कुठं आहे? अण्णा अदबीनं हात जोडून सांगायचे, "साहेब, तुमी जंगलावरच हुबं हायसा की." साहेब खाली बघायचे, आणि अण्णा माझ्याकडे. उतरल्याबरोबर जो आपणहून खाली बघतो तो साहेब चांगला आणि जो लांब बघतो त्याची लवकरच बदली होते, असा त्यांचा हिशेब होता. मी पहिल्या दिवशी कुठं बघितलं होतं हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

जातीनं धनगर. अंगानं काटक, उंच, किंचित वाकलेले. डोक्याला मळकट पटका आणि खांद्यावर बारा महिने घोंगडं. उन्हाळ्यात घोंगडं कशाला म्हणून कुणी चेष्टा केली तर म्हणायचे, थंडी अडवतं ते ऊनबी अडवतं. बोलणं एकूण कमीच. पण 'गवत' हा शब्द त्यांना अजिबात चालायचा नाही. मी नोंदवहीत 'गवत चांगले आहे' असं लिहून वाचून दाखवलं की ते विचारायचे, कुठलं? कुसळ का पवना का मारवेल? माणसं चांगली हायत असं कुणी लिहितं का, नावं लिवा की. मग मी बसून नावं लिहायचो. पुढं पुढं मलाही ती ओळखू यायला लागली. माझ्या नोकरीत मला जे काही खरं शिकायला मिळालं ते त्या माणसाकडून.

माळावर ते सरळ कधी चालत नसत. इकडून वळसा, तिकडून वळसा. चंडोल, टिटवी, तित्तर ही सगळी पाखरं जमिनीवरच अंडी घालतात आणि ती दगडागोट्यांत मिसळून गेलेली असतात. अण्णांना कुठं अंडी दिसली की ते तिथं खूण करत नसत, कारण खूण कोल्ह्यालाही दिसते. दहा पावलं अलीकडे, पायवाटेच्या कडेला, तीन दगड तिरके मांडून ठेवायचे. ते दगड दिसले की आम्ही सगळे मजूर, रखवालदार, मीसुद्धा, वाट सोडून लांबून जायचो. एकदा एका मोठ्या साहेबांना आम्ही असं चार ठिकाणी फिरवून नेलं तेव्हा त्यांना वाटलं, आम्ही वाट चुकलो.

लांडग्यावर त्यांचा राग नव्हता. धाकट्या भावाच्या, मायाप्पाच्या कळपातलं कोकरू लांडग्यानं उचललं, तेव्हा गावातली माणसं फासे लावायला निघाली होती. अण्णांनी मायाप्पाला समजावलं, आणि मायाप्पानं गावाला. दोघा भावांची घरं शेजारीशेजारी होती, मधे फक्त एक बोळ. थोरला माळ राखायचा, धाकटा मेंढरं राखायचा. संध्याकाळी दोघं एकाच दगडावर बसून तंबाखू मळायचे आणि तास तास बोलायचे नाहीत. असं न बोलता बसणं आणि पुढं जे न बोलणं झालं, यात किती फरक होता ते मला फार उशिरा कळलं.

सहीचं आधी सांगतो. हजेरीपटावर अण्णा अंगठा उठवायचे. एकदा अंगठ्याची शाई पुसायला फडकं नव्हतं, त्यांनी बोट पटक्याला पुसलं आणि पटक्यावर निळा डाग पडला. मला वाईट वाटलं. दुपारच्या सुट्टीत मी त्यांना जवळ बसवलं आणि कुसळाच्या काडीनं मातीत नाव लिहून दाखवलं. पंधरा दिवस लागले. वेलांटी त्यांची इतकी मोठी यायची की पुढची दोन्ही अक्षरं तिच्या सावलीत बसल्यासारखी दिसायची. पण जमली. मग सही करायची म्हणजे केवढा सोहळा! आधी हात धुवायचे, मग पटका काढून मांडीवर ठेवायचा, जीभ दातांत धरायची, आणि सही झाली की कागद माझ्यापुढं धरून विचारायचे, "आली का नीट?" मी म्हणायचो, अण्णा, फक्कड आली.

आता आगीचं.

माळाला वणवा लागू नये म्हणून आम्ही दरवर्षी जाळरेषा काढतो. म्हणजे कडेचा एक पट्टा आपणच जाळून टाकायचा, म्हणजे बाहेरून आग आली तरी तिथं तिला खायला काही उरत नाही. हे काम थंडीत, सकाळचं दव असताना करायचं असतं. त्या वर्षी मी ते लांबवलं. का लांबवलं? घरात पुतणीचं लग्न होतं, मग कार्यालयातली कामं होती, मग असंच. मार्च उजाडला. वरून विचारणा आली, जाळरेषा झाल्या का? मी 'प्रगतिपथावर' असं कळवून दिलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घेऊन माळावर पोचलो. पोचायलाच अकरा वाजले होते.

अण्णांनी चिमूटभर माती उचलून हवेत सोडली. पुन्हा सोडली. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "साहेब, आज नको. वारं एका जागी न्हाय." इतरांसमोर मला कमीपणा नको म्हणून हळू बोलले असणार. मी म्हणालो, अण्णा, आजच संपवायचंय. पेटवायची काडी त्यांनी हातात घेतली नाही. ती मी ओढली.

तासाभरात वारं फिरलं. पट्ट्यातली आग उडून पलीकडच्या गवतात पडली आणि मग आमच्या हातात काही राहिलं नाही. लिंबाच्या ओल्या डहाळ्यांनी आम्ही आठ-नऊ माणसं दुपारभर झोडपत होतो. अण्णांच्या घोंगड्याला दोन ठिकाणी भोकं पडली. दिवस कलता आग टेकाडापलीकडच्या नांगरटीला जाऊन आपोआप विझली. तोवर निम्म्याहून जास्त माळ काळा झाला होता. टेकाडाच्या दक्षिण उतारावर कापलेल्या गवताच्या गंज्या रचून ठेवल्या होत्या, त्या दुसऱ्या दिवशीही धुमसत होत्या. अण्णा त्या राखेतून वाकून चालत होते. मधेच थांबायचे, काहीतरी बघायचे, पुढं जायचे. काय बघत होते हे विचारायचं मला धैर्य झालं नाही, आणि ते मला माहीतही होतं.

पंचनामा मीच लिहिला. आग माझ्या हातून लागली असं लिहिलं असतं तर चौकशी लागली असती, बढती गेली असती, कदाचित नोकरीवरही आली असती. मुलगी तेव्हा पुण्यात शिकत होती. ही कारणं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितली आहेत की आता ती मलाच खोटी वाटतात. मी लिहिलं की माळावर विनापरवाना मेंढ्या चारणाऱ्या मेंढपाळांपैकी कुणाच्या तरी विडीमुळे आग लागली असावी, असे स्थानिक पंचांचे म्हणणे आहे. त्या दिवशीचे बाकीचे मजूर बाहेरगावचे आणि रोजगारासाठी माझ्यावर अवलंबून, ते बोलणार नव्हते. पंच म्हणून दोन माणसं लागत होती. एक नाक्यावरचा चहावाला, त्यानं न वाचता सही केली. दुसरे अण्णा.

अण्णांनी हात धुतले. पटका काढला. मग विचारलं, "काय लिवलंय साहेब?" मी म्हणालो, आग लागली, एवढंच. त्यांनी मान हलवली आणि जीभ दातांत धरून सही केली. कागद माझ्यापुढं धरला. मी आली म्हणालो की नाही, मला आठवत नाही.

त्या कागदावरून महिन्याभरात आदेश निघाला की माळावर मेंढ्यांना पूर्ण बंदी. कुंपणाला पाट्या लागल्या. गावातले मेंढपाळ चिडले, आणि ग्रामसभेत त्यांनी जाब विचारला की आमच्या विडीनं आग लागली हे सांगितलं कुणी? ग्रामसेवकानं पंचनाम्याची प्रत काढली आणि वाचून दाखवली. अगदी शेवटपर्यंत, नावांसकट. मी खुर्चीवर बसलो होतो. अण्णा मागं भिंतीला टेकून उभे होते. आपण कशाखाली सही केली हे त्यांना तेव्हा, सगळ्या गावाबरोबर कळलं. मायाप्पानं वळून विचारलं, "दादा, ही सही तुजी हाय?"

अण्णांनी माझ्याकडं एकदाच बघितलं. नंतर म्हणाले, "व्हय, माजीच हाय."

एवढंच. मला फसवलं, असं ते म्हणाले असते तर मी काय केलं असतं? नाकारलंच असतं. कदाचित हे त्यांनी ओळखलं असेल, आणि मला आणखी एका खोट्यातून वाचवलं असेल. मायाप्पा उठून निघून गेला. त्या दिवसापासून तो थोरल्या भावाशी बोलला नाही. सरकारी रोजगार टिकावा म्हणून यानं आपल्याच माणसांवर बालंट आणलं, असं सगळी धनगरवस्ती समजली. वस्तीवर सोडायला निघालो तेव्हा अण्णा माझ्या गाडीवर मागे बसले होते. बरंच अंतर गेल्यावर म्हणाले, "सही शिकवलीसा, वाचायबी शिकवाय पायजे हुतं." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. या विषयावर ते माझ्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर आले.

पाऊस झाला तसा निम्मा माळ आपोआप उठला. गवताची मुळं खोल असतात, वरचं जळलं तरी ती फुटतात. पण दक्षिणेचा उतार उठला नाही. तिथं गंज्या धुमसत राहिल्यानं मुळंही भाजली होती, आणि पहिल्याच मोठ्या पावसानं राख आणि तिच्याखालची माती ओढ्यात नेली. वरून योजना आली की तिथं चर खणून झाडं लावावीत. अण्णांनी विचारलं, "हितं सावली मागतंय कोण?" उघड्या माळाची पाखरं झाडं बघून निघून जातात हे तोवर मलाही समजायला लागलं होतं. मी चार पत्रं लिहून ती झाडं टाळली. त्या सगळ्या प्रकरणात माझ्या हातून झालेलं बरं काम तेवढंच.

मग उतार कसा उठवायचा? अण्णांकडं उत्तर तयार होतं, आणि ते ऐकून मला खाली बघावं लागलं. आमच्याकडे शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवतात. कळप दोन-तीन रात्री शेतात बसला की लेंड्यांचं खत मिळतं आणि खुरांनी जमीनही भुसभुशीत होते. अण्णा म्हणाले, दिवाळीच्या सुमारास पलीकडच्या टेकडीवरचं गवत पिकतं, मेंढरं ते बियांसकट खातात. ती मेंढरं उतारावर बसवा. लेंडीतून बी पडेल, खुरानं दाबलं जाईल, लोकरीत अडकलेलं कुसळबी हितंच झडेल. पाच-सहा दिवसांचं काम हाय. मायाप्पाला मी सांगत न्हाय, तुमी सांगा.

मला ते करता येत नव्हतं. मेंढ्यांनीच, म्हणजे मेंढ्यावाल्यांनीच माळ जाळला असं मीच लिहून दिलं होतं. त्याच मेंढ्या तिथं बसवायची परवानगी मागायची तर आधी ते वाक्य खोडायला हवं होतं. एक वाक्य. मी अण्णांना सांगितलं की वरून मंजुरी मिळणार नाही. ते म्हणाले, बरं.

दोन दिवसांनी सकाळी मी माळावर गेलो तर अण्णा डोक्यावर पोतं घेऊन उतार चढताना दिसले. पोत्यात लेंड्या होत्या. मायाप्पाचा मेंढ्यांचा वाडा गावाच्या पलीकडच्या अंगाला, उतारापासून चालत तासाभराच्या वाटेवर. अण्णा पहाटे उठून तिथं जायचे, पोतं भरायचे आणि कामाची वेळ व्हायच्या आत उतारावर आणून पसरायचे. मग बोरीचा काटेरी फांटा दोरीनं बांधून त्यावरून ओढायचे, म्हणजे बी मातीत दबेल. मेंढरानं चार पायांनी जे केलं असतं ते हा साठीकडं झुकलेला माणूस डोक्यानं आणि दोन हातांनी करत होता. मेंढरं गावात असतील तेवढे महिने, तीन वर्षं.

एकदा मी म्हणालो, पोतं माझ्या गाडीवर टाकू या. ते म्हणाले, भावाच्या वाड्यावर सरकारी गाडी नको. मी विचारलं, मायाप्पा काही म्हणत नाही का? अण्णा म्हणाले, "बोलत न्हाय. पण म्या जायच्या आदी त्यो लेंड्या झाडून ढीग करून ठिवतो." हे सांगताना त्यांचा चेहरा इतका उजळला की मला तिथून उठून जावं लागलं.

तिसऱ्या पावसाळ्यात उतारावर पवना डोलायला लागला. चौथ्या वर्षी अण्णा एकदा धावतपळत आले. मी त्यांना धावताना त्याआधी बघितलं नव्हतं. मला उतारापाशी नेऊन त्यांनी पायवाटेच्या कडेला तीन तिरके दगड दाखवले. तिथून पुढं एक पाऊलही टाकू दिलं नाही. चंडोलाची अंडी मी बघितलीच नाहीत, पण दगड बघून मला जो आनंद झाला तो खरा होता. तेवढ्यापुरतं मी सगळं विसरलो. नंतर विसरल्याचीही लाज वाटली.

या कामाबद्दल सोलापुरात एका कार्यक्रमात माझा सत्कार झाला. जळीत क्षेत्राचं पुनरुज्जीवन करणारा अधिकारी, असं माझं वर्णन झालं. शाल, श्रीफळ, प्रमाणपत्र. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून शेवटच्या रांगेत बसले होते. भाषणात मी त्यांचं नाव घेतलं, त्यांना उभं राहायला लावलं, टाळ्याही वाजवायला लावल्या. मेंढरांच्या लेंड्यांची गोष्ट सांगितली, लोक हसले, भारावले. त्या लेंड्या डोक्यावर का वाहाव्या लागल्या ते सांगितलं नाही. शब्द ओठांपर्यंत आले होते असं मी पूर्वी म्हणायचो. खरं म्हणजे आले नव्हते.

मी निवृत्त झालो. बंदी उठली नाही, वाढतच गेली. चांगला उठलेला माळ दाखवून ती वाढवली गेली. चारा नाही म्हणून मायाप्पाला कळप घेऊन दरवर्षी लांब जावं लागायचं, करकंबकडे, कधी उजनीच्या काठच्या उसाच्या फडांपर्यंत. माळ घरापासून हाकेवर असताना.

गेल्या उन्हाळ्यात कळलं की अण्णा गुडघ्यांपायी घरी बसले आहेत. डोक्यावरच्या ओझ्यानं गुडघे जातात हे डॉक्टरनं सांगायची गरज नव्हती. मी ठरवून गेलो. या वेळी मायाप्पाला बोलवायचं, अण्णांसमोर बसवायचं आणि सगळं सांगून टाकायचं. आता नोकरी नाही, भीती कसली? वाटेत मी वाक्यंसुद्धा जुळवली.

अण्णा दारात बाजेवर बसले होते. मला बघून उठायची खटपट केली, मी बसवलं. त्यांच्या बायकोनं चहा आणला. इकडचंतिकडचं बोलून झाल्यावर मी म्हणालो, अण्णा, मायाप्पाला बोलवा, मला त्याला काही सांगायचंय. काय सांगायचंय हे त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "मायाप्पा गेला की साहेब. थंडीत. तिकडं धरणाच्या काठाला मेंढरं घिऊन गेला हुता, ताप आला." कपबशी खाली ठेवून म्हणाले, "आणला हितं. पर मला खांदा दिऊ दिला न्हाई पोरानं."

पोर म्हणजे मायाप्पाचा मुलगा, यांचा सख्खा पुतण्या. मी म्हणालो, मी आत्ता जाऊन त्यांच्या घरी सांगतो. अण्णा म्हणाले, "आता ऱ्हाऊ द्या." पण हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते, बोळापलीकडच्या दाराकडे बघत होते.

मी उठलो आणि बोळ ओलांडला. दहा पावलं असतील. मायाप्पाची बायको उंबऱ्यावर ज्वारी निवडत बसली होती. तिनं मान वर करून मला बघितलं, ओळखलं, आणि सूप बाजूला ठेवून डोक्यावरचा पदर सारखा केला. "काय साहेब? कुणाकडं आलासा?"

मी सगळी वाक्यं जुळवून आणली होती. मायाप्पा गेल्याचं आत्ताच कळलं, वाईट झालं, असं मी म्हणालो. ती व्हय म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. आणखी काय बोलायचंय म्हणून ती थांबली. मी म्हणालो, येतो.

वळलो तर अण्णा बाजेवर नव्हते. दाराची चौकट धरून, एकेक पाय ओढत ते घरात निघाले होते, पाठ माझ्याकडे करून. चालताना त्यांना त्रास होत होता, तरी थांबले नाहीत. मी बोललो नाही, हे त्यांनी बघितलं होतं. आता मला त्यांच्या तोंडाकडं बघावं लागू नये म्हणून ते आत गेले, आणि दार त्यांनी हळूच ओढून घेतलं.